वाळू किती तापली

मब्रूका खड्ड्यात अनवाणी उतरली, झगा किंचित उचलून धरला आणि फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, म्हणू लागली. दुपारचं ऊन दकरूरच्या डोंगरावरून घसरत वाळूवर येत होतं. शेजारच्या खड्ड्यात तिची सून हनिया तेच शब्द पुटपुटत उभी होती. सासूचं म्हणणं संथ चाललं होतं. सुनेचं मात्र निम्म्यावर येताच घाईला आलं, आणि शेवटाला पोचण्याआधीच ती टुणकन उडी मारून बाहेर आली आणि सावलीतल्या चटईवर तळवे घासू लागली.

मब्रूकाने शेवटचा शब्द शांतपणे म्हटला, तोंडावरून हात फिरवले आणि मगच सुनेकडे पाहिलं.

“झालं का तुझं नाचून?”

“खाला, आज वाळू फार तापलीय. थोडा वेळ थांबू या. वरचा थर काढून टाकते मी.”

“वाळू तापायचीच. ऑगस्टात वाळू तापणार नाही तर काय बर्फ पडणार? तुझे पाय लाडावलेत, पोरी. लोण्याचे गोळे आहेत नुसते. माझ्या सासूने मला लग्नाची मेंदी उतरायच्या आत खड्ड्यात उभं केलं होतं.”

हनियाने मान खाली घातली. ही लोण्याची गोष्ट ती सगळा उन्हाळा ऐकत आली होती.

डोंगराच्या या अंगाला बायकांचे खड्डे आणि त्या अंगाला पुरुषांचे. तिकडचं काम मब्रूकाचा मुलगा बक्रीन पाहायचा. दरवर्षी उन्हाळ्यात लांबलांबून माणसं वाळवंटातल्या सीवा गावाला यायची, ती स्वतःला तापल्या वाळूत गळ्यापर्यंत गाडून घ्यायला. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाचे आखडलेले खांदे. सकाळी खड्डे खणून ठेवायचे, उन्हाला आतली वाळू तापवू द्यायची आणि दुपारी माणूस आत घालण्यापूर्वी वाळू पायाने पारखायची. फातिहा पूर्ण होईपर्यंत पाय टिकले तर वाळू सोसण्याजोगी. मध्येच बाहेर पडावं लागलं तर थांबायचं. मब्रूकाच्या सासूने हेच केलं, सासूच्या सासूनेही हेच केलं. आणि दोघींचे पाय वेगवेगळं सांगू लागले तर थोरलीचे पाय खरे, हेही ठरलेलंच होतं.

या उन्हाळ्यात मब्रूकाला एकदाही मध्येच बाहेर पडावं लागलं नव्हतं. हजहून आल्यापासून सगळे तिला हाज्जा म्हणायचे; तेव्हापासून अल्लाने आपल्या पायांत बळ घातलंय, असं ती चारचौघींत सांगायची.

तंबूकडे निघाली तेव्हा हनिया मागून धावत आली.

“खाला, चप्पल.”

मब्रूकाने खाली पाहिलं. एका पायात चप्पल होती, दुसरा उघडाच. दुसरी चप्पल मागे वाळूत पडून राहिली होती.

“म्हातारपण,” असं म्हणून तिने ती हातात घेतली. आतून चिकट लागली. खजुराचा पाक सांडला असेल म्हणून तिने ती तंबूबाहेर भिरकावली आणि दुसरी जोडी काढली.

खरं तर तिचं मन आज ठिकाणावर नव्हतं. गेल्या आठवड्यात मर्सा मत्रूहहून बुदूर नावाची एक बाई आली होती. तरणीताठी, बाळंतपणानंतर कंबर धरलेली. वाळूतून बाहेर काढली तर तिच्या पोटऱ्यांवर फोड आलेले. बाईचा भाऊ खड्ड्यांपर्यंत चालून आला आणि सगळ्या सीवाला ऐकू जाईल अशा आवाजात नाही नाही ते बोलून गेला. मब्रूकाने सांगितलं की बाईने अंगाला चोरून तेल लावलं असणार, तेल लावलं की वाळू भाजतेच. बुदूर रडत म्हणत राहिली, नाही लावलं हो, कुराणाची शपथ. तेव्हापासून बाजारात माणसं मब्रूकाला सलाम करत होती, पण नंतर मागे वळून बघत होती. बक्रीनही जेवताना एकदा म्हणाला होता, “आई, यंदा हनियाला बघू दे ना वाळू.” त्यावर मब्रूकाने ताटच सारलं होतं.

वाळूचं काम हातातून गेलं तर मग आपण कोण? एक म्हातारी. सुनेच्या हातचं खाणारी आणि दाराशी बसून रस्त्यावरची गाढवं मोजणारी. हे काही तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

आणि पायांचं म्हणाल, तर गेल्या वर्षी तिलाही त्रास झाला होता. रात्र पडली की तळव्यांना मुंग्या यायच्या, मुंग्यांचं वारूळच फुटल्यासारख्या. पाठोपाठ आग आग. ती उठून गार फरशीवर पाय ठेवून बसायची, घटाघट पाणी प्यायची, परत परत लघवीला जायची. कुणाला सांगणार? जिच्याकडे लोक बरे व्हायला येतात तिनेच कण्हत बसायचं? हिवाळ्यात ती स्वतःच दुपारी वाळूत पाय पुरून बसू लागली. आणि हळूहळू मुंग्या गेल्या, आग गेली, सगळं शांत झालं. पाय कसे निवांत झाले, असे की आहेत की नाहीत ते कळू नये. वाळूने आपल्याला बरं केलं, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अलेक्झांड्रियाहून आलेल्या दोघी बहिणी तंबूत वाट पाहत होत्या. थोरली करीमान, गुडघ्यांची. धाकटी इन्शिराह, कापडाच्या दुकानाची मालकीण, हातात पंखा आणि चेहऱ्यावर घाई. मब्रूकाने करीमानचं सगळं विचारून घेतलं. छाती, दाब, साखर, पोटपाणी. सगळं ठीक होतं. मग दोघी सासू-सुनांनी तिला चादरीत गुंडाळून खड्ड्यात निजवलं आणि फावड्याने वाळू ओढली. डोक्यावर छत्री रोवली.

“मीठ जरा बेताचं घाला,” करीमान वाळूतून म्हणाली. “मला दाब नाही, पण खाणाऱ्यांना असेल.”

हनिया खुदकन हसली. मब्रूकाही हसली. असं पाहुणं आलं की दिवस बरा जातो.

“काही वाटलं तर हाक मारा, बाई.”

“हाक कशाला? हाज्जाने वाळू बघितलीय ना?”

हनिया तंबूच्या तोंडाशी जाऊन बसली, म्हणजे छत्रीवरही नजर राहील आणि आतलं कामही करता येईल. मब्रूका इन्शिराहसमोर मांडी घालून बसली.

“तुमचं काय, बाई?”

“पाय. दोन्ही.” इन्शिराहने पंखा बाजूला ठेवला. “रात्री चादरसुद्धा सोसत नाही, इतकी आग. आणि दिवसा उलटंच, चालताना जमीन लागत नाही. कापसावर चालल्यासारखं. परवा दुकानात टाचणी रुतली होती, संध्याकाळी मोजा काढला तेव्हा दिसली.”

“साखर आहे?”

इन्शिराह थोडी थांबली.

“थोडी.”

“थोडी साखर चहात असते. अंगात असली की असते.”

“आहे हो, आहे. डॉक्टर गोळ्या देतो, पथ्य सांगतो आणि घरी पाठवतो. मला तुमच्या वाळूत घाला. आग आगीनेच मरते म्हणतात.”

“डोळे मिटा,” मब्रूका म्हणाली.

इन्शिराहच्याच रुमालाने तिने तिचे डोळे झाकले आणि खजुराच्या पात्याची घासून बोथट केलेली काडी हातात घेतली. हीसुद्धा सासूचीच रीत. काडी लागली की ‘आहे’ म्हणायचं. ज्याला काडी कळत नाही त्याला वाळू द्यायची नाही, कारण ज्याला चटका कळत नाही तो थांब म्हणणार नाही. मब्रूकाने काडी पायाच्या अंगठ्यावर टेकवली. मग करंगळीवर. मग पावलाच्या कडेला. इन्शिराह नुसती बसून होती. काडी घोट्याच्या वर आली तेव्हा कुठे ती म्हणाली, “आहे.”

मब्रूकाने रुमाल सोडला.

“तुम्हाला वाळू नाही, बाई.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. बहिणीजवळ बसा, मेथीचं पाणी प्या, खजूर नका खाऊ. तुमचे पाय तुमच्याशी बोलत नाहीत. ते भाजले तरी तुम्हाला खबर लागायची नाही.”

“रात्रभर बसमध्ये बसून आले मी!”

“मग परत जातानाही बसमध्येच बसायचंय.”

इन्शिराहच्या नाकपुड्या फुगल्या. बाजारात गिऱ्हाईकाशी हुज्जत घालून मुरलेली बाई ती.

“आम्ही उतरलोय तिथे काल बोलत होते लोक. कुणाला तरी भाजवलंत म्हणे तुम्ही गेल्या आठवड्यात. म्हणून आता घाबरताय. आणि खापर फोडताय माझ्या पायांवर.”

हनियाने तंबूच्या तोंडाशी मान वर केली. मब्रूकाचा चेहरा काळवंडला.

“मी घाबरत नाही.”

“मग ही काडी बघा. बोथट ठोकळा नुसता! ही कुणाला कळणार आहे? उद्या घोड्याला लावली तर घोडासुद्धा हलायचा नाही. असली परीक्षा घेऊन कुणालाही नापास करता येतं.”

“असं म्हणता?” मब्रूकाने पाय पुढे पसरला. पावलांवर वाळूचा पांढरट थर होता. “हनिया, इकडे ये. घे ही काडी. लाव माझ्या पायाला, बघू दे बाईंना. इथे बसून छत्री दिसतेय ना तुला?”

“दिसतेय, खाला.”

“मग लाव.”

तिने आपल्याच ओढणीचा पदर डोळ्यांवर घेतला. आत काळोख झाला आणि ओढणीला लागलेला धुराचा वास नाकात आला. चुलीवर मेथीचं पाणी खदखदत होतं. बाहेर कुठेतरी एक गाढव ओरडलं. मब्रूका वाट पाहू लागली. असल्या बायकांना असंच दाखवावं लागतं, तोंडाने सांगून पटत नाही. एक माशी तिच्या हातावर बसली, तिने ती झटकली. सूनबाई अजून काडीच हुडकत होती की काय कोण जाणे.

“लाव की गं. वाट कसली बघतेस?”

कुणीच बोललं नाही.

“हनिया? अगं लाव ना. भिऊ नकोस, दुखणार नाही मला.”

हनियाचा श्वास तिला जवळून ऐकू आला, एकदम ओढून घेतलेला. मग काहीतरी चटईवर पडलं आणि पावलं बाहेर धावत गेली. मब्रूकाने ओढणी खाली केली. समोर इन्शिराह एकटी बसली होती. तिच्या चेहऱ्यावरची हुज्जत कुठल्या कुठे गेली होती. काडी मब्रूकाच्या पायाशी पडली होती.

“कुठे पळाली ही?”

“लावली तिने,” इन्शिराह हळू आवाजात म्हणाली. “परत परत लावली. शेवटी तर दाबून धरली होती.”

मब्रूकाने काडीकडे पाहिलं, मग पायाकडे. अंगठ्यावरच्या धुळीत काडीचे बारीक गोल ठसे उठले होते. ती ते बघत राहिली. सबंध उन्हाळा ती ज्या पायांवर उभी राहून सांगत आली, ते पाय काही सांगतच नव्हते. म्हणजे बुदूर खरंच शपथेवर खरं बोलत होती. आणि करीमान आत्ता या क्षणी वाळूत होती.

ती उठली, धडपडली आणि तशीच बाहेर धावली.

हनियाने छत्री फेकून दिली होती आणि ती दोन्ही हातांनी वाळू उपसत होती. मब्रूका दुसऱ्या बाजूला गुडघ्यांवर बसली आणि उपसू लागली. करीमान लालबुंद झाली होती, कपाळावरून घामाच्या धारा, पण डोळे उघडे होते.

“इतक्यात झालं?” तिने क्षीण आवाजात विचारलं. “बरं झालं बाई. जरा जास्तच वाटत होतं मला. पण म्हटलं, हाज्जाने स्वतः उभं राहून बघितलंय, म्हणजे बरोबरच असणार.”

मब्रूका आणखी भराभर वाळू ओढू लागली.

इन्शिराहही धावत आली, आणि तिघींनी मिळून तिला तंबूच्या सावलीत आणलं. पाठ आणि मांड्यांची कातडी तांबडीलाल झाली होती. एका पोटरीवर मुठीएवढा भाग फुगू लागला होता, बाकी अंग वाचलं होतं. हनियाने पाण्याचा घडा उचलला.

“गार पाणी नको!” मब्रूका सवयीने ओरडली. वाळूतून निघालेल्या माणसाला गार पाणी, वारा, काही लागू द्यायचं नसतं. आणि पुढच्याच क्षणी तिने हनियाच्या हातातला घडा स्वतः घेऊन करीमानच्या पोटरीवर धरला आणि धरूनच ठेवला, रिकामा होईपर्यंत. मग दुसरा मागितला.

“तुम्ही तेल लावलं नव्हतं,” ती करीमानला म्हणाली. “त्या पोरीनेही लावलं नव्हतं. चूक माझी होती.”

करीमानला यातलं काही कळलं नाही. ती पाणी प्यायली आणि थोड्या वेळाने कुशीवर पडून घोरू लागली.

 मग इन्शिराह सरकून मब्रूकाच्या पुढ्यात आली.

“पाय इकडे करा.”

“राहू दे, बाई. तळवा कुणाच्या तोंडासमोर धरू?”

“माझा धरलात ना तुम्ही मघाशी? आता माझी पाळी.” तिने मब्रूकाची टाच पकडून पाऊल आपल्या मांडीवर उलटं घेतलं. “हनिया, कापड भिजवून आण. आणि तो पडदा वर कर, उजेड येऊ दे.”

मब्रूकाने असे कितीतरी पाय मांडीवर घेतले होते. स्वतःचा तळवा शेवटचा कधी पाहिला ते तिला आठवेना. कंबर वाकत नव्हती. नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना, ती उभ्याने पाणी ओतायची आणि एका पायाने दुसरा घासायची.

हनिया कापड घेऊन बसली आणि धूळ पुसू लागली. दोन-तीनदा पुसल्यावर तिचा हात थांबला. इन्शिराहने तोंडावर हात घेतला. तिथून कसला तरी आंबूस वास येऊ लागला होता.

मब्रूकाला पाय दिसत नव्हता. तिला त्या दोघींचे चेहरे दिसत होते.

“काय आहे?”

“फोड,” इन्शिराह म्हणाली. “फुटलेला. सबंध चवडाभर. आतलं मांस उघडं आहे आणि त्यात वाळू बसलीय. टाचेला दुसरा आहे, तो जुना दिसतो.”

“मी तर रोज चालते.”

“मीही चालत होते, टाचणी घेऊन.” इन्शिराहचा आवाज एकदम चढला, रागाने की कशाने कोण जाणे. “डॉक्टर मला म्हणाला होता, रोज रात्री पाय उलटा करून बघत जा, दिसत नसेल तर आरसा धर. अनवाणी फिरू नको, गरम काही लावू नको. मुंग्या येतात तोवर पाय ओरडतोय समज, मुंग्या गेल्या की जास्त घाबर. मी हसले त्याला. म्हटलं, पाय काय पळून जाणारेत? तुमची साखर तपासलीय कधी कुणी?”

मब्रूकाने मान हलवली. नाही.

“रात्री तहान लागते?”

“लागते.”

“उद्या सकाळी आमच्याबरोबर मर्साला चला. मोठ्या दवाखान्यात. जखम साफ व्हायला हवी, औषध सुरू व्हायला हवं. उशीर केलात तर पाय काढतात, हाज्जा. माझ्या मामाचा काढला.”

“मीही येते,” हनिया म्हणाली.

“आणि खड्डे? परवा कैरोहून माणसं यायचीत. वाळू कोण बघणार?”

“वाळू कुठे जात नाही,” हनिया म्हणाली. तिने सासूला इतक्या ठाम आवाजात आजवर काही सांगितलं नव्हतं. “माणसं थांबतील. नाही थांबली तर जातील.”

 हनियाने कापड पिळलं, त्याचं टोक केलं आणि जखमेतला एकेक कण टिपून काढू लागली. दरवेळी कापड टेकलं की तिचे स्वतःचेच दात ओठांत रुतायचे, खांदे वर जायचे. डोळ्यांतलं पाणी तिने बाहीने पुसलं आणि पुन्हा वाकली. मब्रूका आपल्या पायाऐवजी तिच्याकडेच बघत होती. या पोरीला ती सगळा उन्हाळा लोण्याचा गोळा म्हणत आली होती.

“हनिया,” ती शेवटी म्हणाली. “खरं सांग. फार दुखतंय का गं?”

हनियाने वर पाहिलं. हातातलं कापड तसंच राहिलं.

“हो, खाला,” ती म्हणाली. “फार दुखतंय.”